पत्र्याचं ठिगळ

बेळगावात टिळकवाडीतल्या त्या घरात मी भाड्यानं राहत होते, तोवर अखंड पेपर असा मला फार क्वचित वाचायला मिळाला. पेपर खाली घरमालकीण आक्कांच्या व्हरांड्यात पडायचा आणि मी कॉलेजला निघताना तो चाळायला घ्यायचे, तोपर्यंत त्यात भोकं पडलेली असायची. कधी लांबट पट्टी गेलेली, कधी अर्धगोल. एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाचा मधलाच भाग चाकाच्या कमानीएवढा गायब. मी कुरकुर केली की आक्का म्हणायच्या, उरलंय तेवढं वाच आणि काही कमी पडलं तर मला येऊन सांग. कमी पडलं असं कधी वाटलं नाही, हेही खरं.

कापलेला कागद गाडीच्या अंगावर जायचा. आंब्याखाली उभी असलेली एक जुनी पद्मिनी, एके काळी पांढरी. दारांचे तळ गंजून झडलेले, पुढच्या मडगार्डला हात घातला तर पापुद्रे हातात यायचे आणि चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा तर इतका गेलेला की खालची फरशी दिसायची. गॅरेजवाल्यानं येऊन बघितलं आणि भंगारात घाला म्हणून सांगितलं. आक्कांनी त्याला चहा पाजला, गेटपर्यंत पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी खडेबाजारात जाऊन पत्रा कापायची कात्री, तारेचा ब्रश आणि लाल प्रायमरचा डबा घेऊन आल्या.

आक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. स्वतःच्या पगारातून बांधलेलं छोटं घर, वर एक खोली, त्या खोलीत मी. टेप त्यांच्या गळ्यात कायम असायची, देवळात जातानासुद्धा. साडीवरून त्यांनी स्वतः शिवलेला खिशाखिशांचा एक झगा घालायच्या. त्यात खडू, पक्कड, खोबऱ्याचा तुकडा आणि चष्मा एकत्र नांदत. ब्लाउज बेततात तशी त्यांनी गाडी बेतायला घेतली. गंजकं दार सोडवून दोन स्टुलांवर आडवं ठेवायचं, सडका भाग खडूनं आखायचा, त्यावर पेपर धरून आकार उतरवायचा, मग तो कागद नव्या पत्र्यावर ठेवून पत्रा कापायचा. चार बाजूंना शिवणीसाठी कापडात सोडतात तसा मायेपुरता जास्तीचा पत्रा सोडायचा. "आधी कागद," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी नोकरी बदलायचा विचार बोलून दाखवला तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या. आधी कागदावर कापून बघ.

शिकल्या फोनवरून. कुठल्या कुठल्या देशांतले लोक घराच्या अंगणात गाड्यांचा गंज काढत असलेले व्हिडिओ त्या बघायच्या, पण आवाज पूर्ण बंद करून. मी एकदा म्हटलं, मी इंग्रजीचं मराठी करून सांगते. नको म्हणाल्या. माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं लक्ष जातं आणि हात बघायचे राहून जातात.

दुसरी खोड म्हणजे बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. गाडीचा पत्रा ठोकायच्या ते ठीक होतं. चांगला पत्रा टणक बोलतो, सडका फुसका बोलतो, हे मलाही लवकरच कळायला लागलं. पण आक्का नारळ, गॅसची टाकी, शेजारच्या वकिलांच्या बंगल्याची नवी भिंत, सगळंच ठोकायच्या. वकील नसताना ठोकली असती तर ठीक, त्यांच्यासमोरच ठोकून मान हलवायच्या. मी ताप येऊन पडले होते तेव्हा माझ्या कपाळावर हात ठेवण्याआधी त्यांनी पेरानं हलकेच ठोकून बघितलं होतं.

रागवायच्या कानडीत आणि लाड करायच्या मराठीत. वडिलांचं घर निपाणीकडचं, शेती आणि तंबाखूचा व्यापार असलेलं जैन घर, त्यामुळं दोन्ही भाषा घरच्याच. खालून कानडी ऐकू आली की मी जिन्यातच थांबायचे, मराठी सुरू होईपर्यंत.

मी त्या घरात कशी आले तेही सांगायला हवं. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती आणि मी निपाणीहून येऊन खोली शोधत होते. बऱ्याच घरांत खोली आवडायची, भाडं जमायचं आणि मग मालकीणबाई पाण्याचा ग्लास देता देता आडनाव विचारायच्या. आडनाव सांगितलं की खोली पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ते लपवायचं शिक्षण मला आईनं दिलेलं नव्हतं. आक्कांकडं गेले तेव्हा आक्का गाडीखाली होत्या. आधी पाय दिसले, मग त्या सरपटत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हात दाखव. मी दोन्ही हात पुढं केले. हे थरथरत न्हाईत न्हवं, एवढं विचारून त्यांनी मला पत्र्याचं एक टोक धरायला लावलं. पत्रा कापून झाल्यावर किल्ली दिली.

पुढं ओळख मुरल्यावर मी विचारलं, तुम्ही माझं आडनाव का नाही विचारलंत? त्या ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, "विचारलं असतं तर तू खरं तरी सांगितलं असतंस, न्हाईतर खोटं. दोन्हीनं तरास तुलाच. मला खोली द्यायची होती."

रविवार आम्ही गाडीवर घालवायचो. माझं काम धरायचं आणि घासायचं. पॉलिश पेपरनं घासून माझी बोटं गुळगुळीत झाली, ग्रंथालयात पानं उलटायला थुंकी लावावी लागायची. एका रविवारी मागच्या दाराचं ठिगळ बसवून, रिव्हेट मारून, रंगाचा पहिला हात देऊन झाला होता. मी खूश होते. आक्कांनी ठिगळाच्या शेजारी पेर ठोकलं, पुन्हा ठोकलं आणि छिन्नी मागितली. सगळं उचकटून काढलं. आत वाटीएवढा गंज उरला होता. शेजारचे वकील कठड्यावरून बघत होते. ते म्हणाले की पुट्टी भरून वर रंग दिला असता तर कुणाला कळलं असतं? आक्कांनी त्यांना उत्तर दिलं नाही, मला दिलं.

"गंज दिसतो तेवढाच कापायचा नसतो गं. चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं. भिऊन मधीच थांबलीस तर ठिगळ लावणार कशाला?"

त्या वर्षी आईची वखार बंद झाली. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत बायका पाला निवडतात, चाळतात. आईनं लहानपणापासून तेच केलं, आधी आजीबरोबर, मग एकटीनं. आता घरी बसून तिचा जीव लागेना, म्हणून मी तिला महिनाभर बेळगावला बोलावलं. लाल बसनं आली. आल्या दिवशी दोघींचं गेटपाशी बोलणं झालं, गाव कुठलं, गल्ली कुठली. आक्कांनी वडिलांच्या वखारीचं नाव सांगितलं. वर आल्यावर आईनं पिशवी उघडलीच नाही.

"तिथंच काम केलंय मी," ती म्हणाली. "त्यांच्या दारात उभी राहिलेली माणसं आम्ही. त्यांच्या माडीवर झोपू कशी?"

मी समजावलं. ही वखार नाही, आक्का तशा नाहीत, मला दुसरी खोली मिळायची नाही. आई ऐकून घेत होती, पण सकाळच्या बसनं जायचं तिचं ठरलं होतं. रात्रभर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला राग आला होता आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. आक्कांचा यावा असं त्यांनी काही केलं नव्हतं आणि आईचं तरी काय चुकलं होतं?

सकाळी ती पिशवी घेऊन खाली उतरली, मी तिच्या मागं. आक्कांनी पुढचं डावं दार स्टुलांवर घेतलं होतं. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून सडतं. ती भोकं कशानं बुजलीत ते आक्का तारेनं उकरून काढत होत्या. काळपट भुकटी फरशीवर पडत होती. आई गेटपाशी पोचली होती. तिथं ती थांबली, परत आली, वाकून चिमूटभर भुकटी उचलली आणि नाकाशी धरली.

"आपला जरदा हाय ह्यो," ती म्हणाली.

"ही गाडी वखारीतच असायची," आक्का म्हणाल्या. "पोत्यांच्या शेजारी."

"मला सांगता व्हय," आई म्हणाली आणि पिशवी खाली ठेवून बोलायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी काम सुटलं की बायकांची दारात झडती व्हायची, कुणी पदरात तंबाखू नेते का म्हणून. झडती चालू असतानाच ही पांढरी गाडी यायची. मग सगळ्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं, गाडीला अंग लागू द्यायचं नाही, डाग पडतो. आत मागच्या बाजूला झालरीचा फ्रॉक घातलेली एक मुलगी बसलेली असायची. आई तिच्याहून थोडी लहान.

"ती मी," आक्का म्हणाल्या.

"म्हाईत हाय," आई म्हणाली. "ह्या गाडीला आमी कधी हात न्हाय लावला."

आक्का माफी मागतील असं मला वाटलं, तशी त्यांनी मागितली नाही. झग्याच्या खिशातून पॉलिश पेपर काढला, मधोमध फाडला आणि अर्धा आईपुढं धरला.

"आता लावा," त्या म्हणाल्या.

बस चुकली. दुपारी मी जेवायला हाक मारली तेव्हा दोघी दाराच्या दोन बाजूंना बसून घासत होत्या आणि आई आक्कांना सांगत होती की तुमचा हात उलटा चाललाय. महिना राहायला आलेली आई पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहिली. तंबाखू निवडायची सवय तिच्या बोटांत होती. पत्र्यावरचा सुईच्या टोकाएवढा गंजही तिला न बघता सापडायचा. रंगाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, म्हणून रंगाच्या दिवशी आक्का तिला लांब बसवायच्या आणि तिथून ती सूचना करायची.

त्या दिवसांतच आक्कांनी गाडीची गोष्ट सांगितली. वडील वारल्यावर भावानं सगळ्या कागदांवर त्यांची सही घेतली होती. मुलगी शहरात राहणारी, नोकरीची, तिला रान कशाला, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. शेतीच्या वाट्याऐवजी ही गाडी मिळाली. आक्कांनी सही केली, गाडी चालवत बेळगावला आणली आणि त्यानंतर निपाणीला गेल्या त्या फक्त लग्नाला आणि मयताला. आई ऐकून म्हणाली, म्हणजे तुम्हालाबी भिंतीला लागून उभंच केलं की. आक्का त्यावर हसल्या, पण घासायच्या थांबल्या.

पायाखालच्या पत्र्यासाठी मात्र वेल्डर बोलवावा लागला. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतून तो गॅसच्या टाक्या घेऊन आला आणि खडूच्या रेघेवरच वेल्डिंग करायला लावतात म्हणून दिवसभर धुसफुसत राहिला. गाडी चालवायला योग्य असल्याचा सरकारी दाखला आणायची धावपळ मी केली. रंग पूर्ण पांढरा जमला नाही. डावं दार किंचित साईच्या रंगाचं झालं, आई म्हणाली राहू दे, ते मी घासलंय. आणि पावसाच्या आधीच्या एका रविवारी आक्का म्हणाल्या, चला, निपाणीला जाऊ.

मला वाटलं आईला सोडायला. आई मागचं दार उघडायला गेली, आक्कांनी आतून पुढचं उघडलं. हायवेवर ट्रक आम्हाला भराभर मागं टाकत होते. तवंदीच्या घाटात इंजिन तापेल म्हणून आक्का पुटपुटत राहिल्या, कानडीत, म्हणजे गाडीवर रागावल्या होत्या. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. घाट उतरल्यावर तिनं कोपर खिडकीत टेकवलं.

निपाणीत शिरल्यावर आक्कांनी गाडी आमच्या गल्लीकडं न वळवता सरळ वखारीच्या रस्त्याला घेतली. वखारीचे निम्मे गाळे आता गाद्यांच्या व्यापाऱ्याला दिलेले. शेजारी भावाचं घर. आक्कांनी गेटसमोर गाडी थांबवली, हॉर्न दिला आणि आम्हाला दोघींना उतरायला सांगितलं. भाऊ बाहेर आले. आक्कांहून बरेच थोरले, काठी घेतलेले, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी आधी गाडी बघितली, मग बहीण.

"अण्णा," आक्का म्हणाल्या, "तू दिलीस तशी गाडी परत आणलीय. आता माझं रान मला दे."

मला काहीच माहीत नव्हतं. आईकडं बघितलं तर तिलाही नव्हतं. एवढे रविवार आम्ही कशासाठी घासत होतो ते तिथं, त्या गेटपाशी आम्हाला कळलं.

काठी टेकत भाऊ गाडीभोवती फिरले. डाव्या दारापाशी वाकले आणि बोटाच्या पेरानं पत्रा ठोकून बघितला. आवाज टणक आला. मी आक्कांकडं बघितलं.

"त्या कागदावर सही हाय तुझी," भाऊ शेवटी म्हणाले.

"हाय की. माझीच हाय. म्हणून कोर्टात न्हाय गेले, तुझ्या दारात आले."

"गाडी घेऊन जा."

"न्हाय अण्णा. माझी न्हाय ती."

सून पाणी घेऊन आली. आक्का पाणी प्याल्या, किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि चालायला लागल्या. आम्ही त्यांच्या मागून. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. माझे हात थरथरतात का ते बघून खोली देणारी ही बाई, तिचा हात मी धरला तेव्हा तो गार पडला होता. "मागितलं गं," त्या म्हणाल्या. "आजपातूर मागितलंच न्हवतं कधी."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. बरेच दिवस काही झालं नाही. मग एकदा भावाचा फोन आला. पुढच्या मडगार्डवर फोड आलाय, कुठला प्रायमर मारला होतास? आक्कांनी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन, पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा घेऊ. असे ते दोघं म्हातारपणी गंजावरून बोलायला लागले. उन्हाळ्यात भाऊ मुलाला गाडी चालवायला लावून बेळगावला आले. सगळा वाटा नाही दिला. विहिरीकडची रस्त्यालगतची पट्टी आक्कांच्या नावावर करून दिली, मुलांचा विरोध असताना दिली. पुढच्या वर्षी आक्कांनी तिथं दोन खोल्या बांधल्या आणि टिळकवाडीतलं घर भाड्यानं देऊन त्या तिकडंच राहायला गेल्या. आजही तिथंच आहेत. कमी ऐकू येतं, त्यामुळं ठोकायचं बंद झालंय. आता हात फिरवून बघतात.

मी आता माझ्या स्वतःच्या घरात राहते. बँकेत कर्ज मागताना, कॉलेजात हक्काची बढती मागताना, घर बघायला गेल्यावर आडनाव आपणहून आधी सांगताना, माझा आवाज जो सरळ आला तो त्या गेटपाशी ऐकलेला. हे मी आक्कांना एकदा सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कदाचित खरंच ऐकू आलं नसेल.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली.

कोपऱ्यावर उभ्या उभ्या मी बसची वेळ फोनवर बघत होते. आई म्हणाली, बस कशाला, घर हितंच हाय माझं. आक्का लगेच तिच्याबरोबर निघाल्या. गल्लीत शिरलो तशी आई भरभर चालायला लागली, मधून मधून वर बघत. घरात गेल्यावर तिनं पदर खोचला, स्टोव्ह पेटवला आणि मला हळूच विचारलं, कांदा-लसूण चालत नसंल न्हवं? आयुष्यभर त्या जैनांच्या वखारीत काम करून, एवढे दिवस आक्कांच्या घरी राहून तिला ते माहीत होतं, तरी खात्री करून घेतली. मुगाची डाळ, तव्यावरची भाकरी, गूळ आणि दही. वर्षानुवर्षं माणसांना वेळेवर जेवू घालणाऱ्या बाईची घाई होती ती, पण आज तिच्यात काहीतरी वेगळं होतं. हात चालत होते आणि डोळा दाराबाहेरच्या उन्हावर होता.

आक्का खाली पाटावर बसल्या. भाकरी मोडली. बातमी गल्लीत पसरली होती, चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आईच्या बरोबरीनं वखारीत काम केलेल्या. एकीनं डोळे बारीक करून विचारलं, वखारीतल्या आक्कासाब न्हवं ह्या?

"असंल," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "आज माझी पावणी हाय. दारातनं सरका जरा, उजेड येऊ दे. दिस मावळायच्या आत जेवायचं असतंय तिला."

बायका सरकल्या. ऊन ताटापर्यंत आलं. आक्कांनी दुसरी भाकरी मागितली.